टोमॅटोची तहान आणि जमिनीचा वाफसा

परसबागेत टोमॅटो लावणाऱ्या माणसास एक अनुभव हटकून येतो. रोपे जोमाने वाढतात, पिवळी फुले येतात, लिंबाएवढी हिरवी फळे धरतात. आणि मग एके दिवशी फळ उलटून पाहावे तो देठाच्या विरुद्ध बाजूस, बुडाशी, एक पाणचट डाग पडलेला दिसतो. चार-सहा दिवसांत हा डाग तपकिरी आणि पुढे काळा होतो. तेथील साल खोलगट व चामड्यासारखी चिवट बनते. फळ अकाली लाल होते, पण ते खाण्याच्या उपयोगाचे राहत नाही. हा रोग आहे असे समजून बागवान एखादे औषध आणतो व फवारतो. परंतु त्याने काहीही साधत नाही. कारण या व्याधीच्या मुळाशी बुरशी नाही आणि कीडही नाही. काळ्या डागावर पुढे बुरशी चढते हे खरे. पण ती मागाहून येते. मूळ कारण बहुतेक वेळा पाणी देण्याच्या पद्धतीत असते.

"पाणी तर रोज देतो," असे बागवान सांगतो व त्याचे म्हणणे खोटे नसते. परंतु रोज पाणी देणे आणि योग्य पाणी देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टोमॅटोस पाणी पुष्कळ लागते. पण त्याहूनही अधिक लागते ते त्यातील सातत्य. आज कोरडे, उद्या चिखल आणि परवा पुन्हा कोरडे, असा क्रम चालू असेल तर एकूण पाणी कमी पडले नसूनही फळे बिघडतात. हे असे का होते, आणि ते टाळण्यासाठी बागवानाने काय करावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पाहुणे झाड

टोमॅटो हे मूळचे आपल्या देशातील झाड नव्हे. त्याचे रानटी भाऊबंद दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागात, अँडीज पर्वताच्या परिसरात आढळतात. मेक्सिकोमध्ये त्याची लागवड होत असे आणि तेथून सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेले. भारतात ते युरोपीय लोकांबरोबर आले. त्याचे परकेपण काही प्रांतांच्या बोलीत अद्याप टिकून आहे. बंगालमध्ये त्याला विलायती वांगे या अर्थाचे नाव आहे. वऱ्हाडात मात्र त्यास भेदरे म्हणतात. वांग्याशी जोडलेले नाते शास्त्रदृष्ट्याही बरोबर आहे. वांगी, बटाटा व टोमॅटो ही तिन्ही एकाच वनस्पतिप्रजातीतील भावंडे होत.

आज टोमॅटोच्या उत्पादनात चीनच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागतो. आंध्र प्रदेशातील मदनपल्ली, कर्नाटकातील कोलार, महाराष्ट्रातील नाशिक व नारायणगाव या बाजारांची नावे सर्वांना परिचित आहेत. तथापि मोठ्या शेतात जे नियम चालतात तेच घरामागील चार झाडांसही लागू पडतात. फरक एवढाच की, परसबागेत झाडांची संख्या थोडी असल्यामुळे प्रत्येक झाडाकडे नीट लक्ष देता येते.

झाड पाणी पिते म्हणजे काय?

पिकलेल्या टोमॅटोच्या वजनात शंभरापैकी सुमारे चौऱ्याण्णव भाग पाणी असते. यावरून असे वाटेल की, झाडास लागणारे पाणी मुख्यतः फळे भरण्यासाठी खर्च होते. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. मुळांनी शोषून घेतलेल्या शंभर लिटर पाण्यापैकी पंच्याण्णव लिटरांहून अधिक पाणी पानांवाटे वाफेच्या रूपाने हवेत निघून जाते. या क्रियेस बाष्पोच्छ्वास म्हणतात. पानाच्या सालीवर असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांस त्वग्रंध्रे हे नाव आहे. अन्न तयार करण्यासाठी लागणारा कार्बन डायऑक्साइड वायू झाडास याच छिद्रांतून आत घ्यावा लागतो. छिद्र उघडे ठेवले की वायू आत येतो, परंतु त्याच वाटेने पाण्याची वाफ बाहेर पडते. दार उघडल्याशिवाय धान्य घरात आणता येत नाही आणि दार उघडे असताना घरातील गारवा टिकत नाही, तसाच हा प्रकार आहे.

ही क्रिया मोजून पाहण्याचा एक उत्कृष्ट प्रयोग इंग्लंडमधील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने केला व 1727 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नमूद केला. त्याने सुमारे साडेतीन फूट उंचीचे सूर्यफुलाचे झाड कुंडीत लावले, मातीतून पाणी उडून जाऊ नये म्हणून कुंडीचे तोंड शिशाच्या पत्र्याने बंद केले आणि ती कुंडी सकाळ-संध्याकाळ तोलली. दिवसाच्या बारा तासांत झाडाने सरासरी सुमारे 570 ग्रॅम पाणी हवेत सोडले, असे त्यास आढळले. म्हणजे एका बेताच्या झाडाने दिवसभरात अर्ध्या लिटराहून अधिक पाणी केवळ पानांवाटे घालविले.

पानांतून पाणी उडून गेले की त्याची जागा घेण्यासाठी खालून पाणी ओढले जाते. खोडात प्रकाष्ठ नावाच्या बारीक नळ्यांची एक व्यवस्था असते. तिच्यातून मुळांपासून पानांपर्यंत पाण्याचा अखंड धागा ताणलेला असतो. या पाण्याबरोबर जमिनीतील क्षारही वर जातात. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण फळाच्या काळ्या बुडाचे रहस्य येथेच आहे.

जमीन हे पाण्याचे कोठार

झाड पाणी झारीतून पीत नाही. ते जमिनीतून पिते. झारीचे पाणी हे कोठारात भरलेल्या धान्यासारखे आहे. म्हणून कोठार केवढे आहे व त्यातील कितीसे पाणी झाडाच्या हाती लागते, हे प्रथम पाहिले पाहिजे.

भरपूर पाणी दिल्यावर मातीच्या कणांमधील सर्व पोकळ्या पाण्याने भरून जातात. मोठ्या पोकळ्यांतील पाणी एक-दोन दिवसांत खाली निथरून जाते व तेथे पुन्हा हवा शिरते. बारीक पोकळ्यांतील पाणी मात्र मातीला धरून राहते. या अवस्थेत जमिनीत पाणी व हवा ही दोन्ही असतात. मुळांना ही स्थिती सर्वांत मानवते. 1931 साली अमेरिकेतील व्हाइमायर व हेंड्रिक्सन या संशोधकांनी या अवस्थेस एक शास्त्रीय संज्ञा दिली. परंतु मराठी शेतकऱ्यास ही अवस्था पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे व त्याच्याजवळ तिच्यासाठी एक नेमका शब्दही आहे. तो शब्द म्हणजे वाफसा. पाऊस उघडल्यावर जमीन वाफशावर आली म्हणजे शेतकरी कुळव धरतो. चिखलात धरीत नाही व ढेकळे वाळल्यावरही धरीत नाही.

वाफशानंतर झाड जसजसे पाणी ओढून घेते तसतसे उरलेले पाणी मातीच्या कणांना अधिकाधिक घट्ट चिकटून राहते. ते सोडवून घेण्यास मुळांना वाढते बळ लावावे लागते. शेवटी अशी मर्यादा येते की, जमिनीत पाणी शिल्लक असूनही ते झाडास घेता येत नाही. झाड कोमेजते व रात्रभर गारव्यात राहूनही टवटवीत होत नाही. ब्रिग्ज व शान्ट्झ या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1912 साली या मर्यादेचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. वाफसा ही वरची मर्यादा व कायमचे कोमेजणे ही खालची मर्यादा. या दोहोंमधील पाणी हीच झाडाची खरी शिदोरी होय. वाळूमिश्रित जमिनीत ही शिदोरी थोडी असते, पोयट्याच्या जमिनीत पुष्कळ असते. भारी काळ्या जमिनीत पाण्याचा साठा मोठा असला तरी त्यातील बराच भाग मातीच घट्ट धरून ठेवते.

टोमॅटोच्या बाबतीत या शिदोरीचा तळ गाठू देणे धोक्याचे असते. साठ्यातील साधारण निम्मे पाणी संपताच पुढची पाळी द्यावी, हा नियम चांगला.

काळ्या बुडाचे कारण

आता मूळ प्रश्नाकडे वळू. फळाच्या पेशींच्या भित्ती बळकट राहण्यास कॅल्शियम हे द्रव्य आवश्यक असते. ते अपुरे पडले की वाढत्या फळातील पेशी फुटतात, त्यांतील रस पाझरतो व त्या जागी पाणचट डाग उमटतो. देठापासून सर्वांत दूरचा भाग म्हणजे फळाचे बूड. तेथपर्यंत कॅल्शियम सर्वांत कमी पोहोचते, म्हणून डाग तेथेच पडतो.

यावर कोणी म्हणेल की, जमिनीत चुना घातला म्हणजे काम झाले. कोकण व गोव्यासारख्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत कॅल्शियम मुळातच कमी असते. तेथे चुना घातल्याने खरोखर लाभ होतो. पण दख्खनच्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे जागोजाग दिसतात व उत्तरेकडील गाळाच्या जमिनीतही पुष्कळ ठिकाणी कंकर सापडतो. अशा चुन्याने संपन्न जमिनीतही टोमॅटोची बुडे काळी पडतात. म्हणजे कोठारात माल आहे, पण तो फळाच्या दारापर्यंत पोहोचत नाही.

याचे कारण असे. कॅल्शियम प्रकाष्ठाच्या नळ्यांतून, पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वर चढते. पानांनी तयार केलेली साखर ज्या दुसऱ्या वाटेने फळांकडे जाते, त्या वाटेने कॅल्शियम जवळजवळ जातच नाही. त्यामुळे जेथे पाणी अधिक उडून जाते तेथे कॅल्शियम अधिक पोहोचते. पानांतून पाणी भरपूर उडते; टोमॅटोच्या फळाची साल मात्र मेणचट असून तिच्यावर त्वग्रंध्रे नसल्यासारखीच असतात. साहजिकच दिवसा कॅल्शियमचा मोठा वाटा पाने घेऊन जातात व फळास उरलेसुरले मिळते. शिवाय एकदा पानात जाऊन बसलेले कॅल्शियम पुन्हा फळाकडे परत येत नाही.

रात्री पानांची त्वग्रंध्रे मिटतात. जमीन ओलसर असेल तर मुळे पाणी घेतच राहतात व त्यांच्या दाबाने रस वर चढतो. पहाटे काही झाडांच्या पानांच्या कडांवर जे थेंब दिसतात ते सर्वच दवाचे नसतात. त्यांतील काही या दाबाने बाहेर आलेले असतात. फळास कॅल्शियम मिळण्यास हा रात्रीचा काळ उपकारक ठरतो. परंतु जमीन कोरडी असेल तर मुळांचा दाब निर्माण होत नाही आणि ती संधी वाया जाते. ज्या दिवसांत फळ वेगाने वाढत असते, म्हणजे फूल गळून फळ धरल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत, अशा काही कोरड्या रात्री लागोपाठ आल्या की फळाच्या बुडाशी तुटवडा पडतो. डाग त्यानंतर काही दिवसांनी दिसू लागतो. आज दिसणारा डाग हा मागे झालेल्या चुकीचा लेख होय. आज धसमुसळेपणाने ओतलेले पाणी तो पुसून टाकू शकत नाही. डागाळलेली फळे काढून टाकावी आणि पुढच्या घोसांसाठी पाण्याचा क्रम सुधारावा, एवढेच हाती राहते.

दुष्काळाप्रमाणेच आणखी काही गोष्टी या व्याधीस साहाय्य करतात. खुरपणी करताना मुळे तुटणे, विहिरीचे पाणी खारवट असणे व युरियासारखे नत्रयुक्त खत प्रमाणाबाहेर देणे, या त्यांतील मुख्य होत. अधिक नत्राने पाने माजतात, ती पाण्याचा प्रवाह आपल्याकडे खेचतात. शिवाय नत्राचे अमोनियम हे रूप मुळांशी कॅल्शियमबरोबर स्पर्धा करते.

फळांस भेगा का पडतात?

कोरडेपणानंतर एकाएकी भरपूर पाणी मिळाले तर दुसराच अनर्थ होतो. कोरड्या काळात फळाची वाढ मंदावते व त्याची साल निबर होऊ लागते. त्यानंतर पाण्याची मोठी पाळी दिली किंवा जोराचा पाऊस आला की, फळात पाणी झपाट्याने शिरते. आतील गर फुगतो. साल त्या वेगाने ताणली जात नाही व ती फाटते. कधी देठापासून खाली किरणांसारख्या भेगा जातात, तर कधी देठाभोवती वर्तुळाकार चिरा पडतात. पिकण्याच्या बेतात आलेल्या फळांस हा धोका सर्वांत अधिक असतो. म्हणून पावसाचा रंग दिसताच, ज्या फळांवर लाली फिरू लागली आहे ती तोडून घरात ठेवावी; ती घरीही चांगली पिकतात.

अति पाण्याचे दुष्परिणाम

काळ्या बुडाची भीती घेऊन काही बागवान दुसऱ्या टोकास जातात व आळे सदैव चिखलाने भरलेले ठेवतात. हेही तितकेच घातक आहे. मुळांना श्वसनासाठी प्राणवायू लागतो. मातीतील सर्व पोकळ्या पाण्याने व्यापल्या की तो मिळेनासा होतो; मुळे गुदमरतात व पाणी शोषण्याची त्यांची शक्ती घटते. अशा वेळी पाण्यात उभे असलेले झाडही मान टाकते. ते पाहून बागवान आणखी पाणी घालतो व झाडाच्या नाशास हातभार लावतो.

टोमॅटोचे झाड मुळांवरील हे संकट पानांना कसे कळविते, याचा उलगडा 1980 साली ब्रॅडफर्ड व यांग या कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांच्या प्रयोगांनी झाला. प्राणवायूस मुकलेल्या मुळांत एथिलीन या वायूचे पूर्वद्रव्य साठते. ते रसाबरोबर वर चढते व पानांना प्राणवायू मिळत असल्यामुळे तेथे त्याचे एथिलीनमध्ये रूपांतर होते. त्याच्या परिणामाने पानांचे देठ वरच्या बाजूने अधिक वाढतात आणि पाने खाली झुकतात. या झुकलेल्या पानांत पाणी पुरेसे असते. ती हातास टणक लागतात. तहानेने कोमेजलेली पाने मात्र मऊ व लुळी लागतात. हा भेद बोटांनी ओळखता येतो, आणि तो ओळखणारा बागवान चुकीच्या वेळी झारी उचलणार नाही.

आणखी एक फसवे लक्षण सांगणे आवश्यक आहे. उन्हाळ्यात भर दुपारी पाने सैल पडतात, कारण त्या वेळी पाणी उडून जाण्याचा वेग मुळांच्या पुरवठ्यापेक्षा अधिक असतो. ऊन उतरताच ती आपोआप सावरतात. झाडाची परीक्षा दुपारी करू नये. ती सूर्योदयापूर्वी करावी. पहाटेच्या गारव्यातही पाने लुळी असतील तर झाड खरोखर तहानलेले आहे, असे समजावे.

पाणी किती व किती दिवसांनी?

यासाठी एक सोपा हिशेब मांडता येतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर खोल पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. दख्खनच्या पठारावर हिवाळ्यात हिरवळीने झाकलेल्या जमिनीतून दिवसाकाठी साधारण 4 मिलिमीटर पाणी उडून जाते. कडक उन्हाळ्यात हेच प्रमाण 7 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असते. पूर्ण वाढलेले व फळांनी लगडलेले टोमॅटोचे झाड हिरवळीपेक्षा थोडे अधिक, म्हणजे सुमारे सव्वापट पाणी घेते. दोन ओळींत व दोन झाडांत 60 सेंटिमीटर अंतर असेल तर एका झाडाच्या वाट्यास एक चौरस मीटरच्या एक-तृतीयांशाहून किंचित अधिक जागा येते. त्यावरून हिवाळ्यात एका झाडास रोज दीड-पावणेदोन लिटर व उन्हाळ्यात सुमारे तीन लिटर पाणी लागते, असे उत्तर निघते. रोप लहान असताना हे मान पुष्कळच कमी असते.

आता कोठाराचा हिशेब पाहू. एका झाडाच्या वाट्याच्या जागेत 30 सेंटिमीटर खोलीपर्यंत सुमारे शंभर लिटर माती असते. मध्यम पोताच्या जमिनीत त्यातून झाडास मिळू शकणारे पाणी पंधरा-सोळा लिटर असते. त्यातील निम्मे, म्हणजे आठ लिटर, संपले की पाळी द्यावयाची. तेव्हा हिवाळ्यात सुमारे पाचव्या दिवशी व उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी प्रत्येक झाडास आठ लिटर पाणी द्यावे, असा अंदाज बांधता येतो. वाळूमय जमिनीत पाळ्या लवकर व थोड्या थोड्या पाण्याच्या असाव्यात. भारी जमिनीत त्या लांबवाव्यात. पाऊस पडला असेल तर तो हिशेबात धरलाच पाहिजे.

हे आकडे केवळ वाटाड्यासारखे आहेत. अंतिम निर्णय मातीवर सोपवावा. झाडापासून वीतभर अंतरावर खुरप्याने वीतभर खोल खड्डा करून तळाची माती मुठीत दाबावी. तिचा लाडू वळला, तो बोटाच्या धक्क्याने फुटला आणि तळहातास चिखल लागला नाही, तर जमीन वाफशावर आहे. पाणी देऊ नये. माती मुठीत दाबूनही विस्कटत असेल तर पाळी लांबली आहे असे समजावे. वरचा पापुद्रा कोरडा दिसतो एवढ्यावरून पाणी देऊ नये. कारण ऊन वरची दोन बोटे माती वाळविते, तेव्हाही खाली ओल असू शकते.

पाणी देण्याची रीत

रोज तांब्याभर पाणी शिंपडण्याची सवय पुष्कळ घरी असते. त्याने वरची दोन बोटे माती तेवढी भिजते. ओल जेथे, मुळे तेथे, या न्यायाने मुळेही वरच राहतात आणि एक दिवस पाणी चुकले की झाड कोलमडते. म्हणून रोप जीव धरीपर्यंत पहिले आठ-दहा दिवस थोडे थोडे पाणी वारंवार द्यावे. त्यानंतर पाणी सावकाश व खोलवर मुरेल असे द्यावे आणि मध्ये अंतर ठेवावे. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी लोखंडी सळई मातीत दाबून पाहावी. ओल्या मातीत ती सहज जाते व कोरडा थर लागताच अडते. त्यावरून ओल कोठवर गेली हे कळते.

पाणी मुळांशी द्यावे, पानांवर मारू नये. पानांवर ओल टिकून राहिली की करप्यासारख्या बुरशीजन्य रोगांस रुजण्याची संधी मिळते. सकाळची वेळ सर्वांत चांगली. आळे खोडास लागून न करता थोडे दूर करावे व खोडाजवळ मातीची भर द्यावी.

आळ्यावर पेंढा, उसाचे पाचट किंवा वाळलेला पालापाचोळा यांचे पाच-सहा सेंटिमीटर जाडीचे आच्छादन घालावे. त्यामुळे उघड्या मातीतून उडून जाणारे पाणी वाचते, मातीचे तापमान बेताचे राहते आणि मुख्य म्हणजे ओलीतील चढउतार सौम्य होतात. मातीत चांगले कुजलेले शेणखत असेल तर तिची पाणी धरण्याची शक्ती वाढते. जेथे साधन असेल तेथे ठिबक सिंचन उत्तम, कारण त्यात थोडे पाणी नियमाने मिळत राहते.

येथे एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. संत्रा, मोसंबी व डाळिंब यांच्या बागांना बहर धरण्यासाठी काही काळ पाणी तोडून ताण देण्याची पद्धत आहे. फळबागांची सवय असलेला माणूस टोमॅटोसही तसाच ताण देऊ पाहतो. परंतु त्या झाडांना एकाच वेळी भरघोस फुले यावीत, हा त्या ताणाचा हेतू असतो. टोमॅटोवर मात्र एकाच वेळी वरच्या फांदीस कळ्या, मधल्या फांदीस हिरवी फळे व खालच्या फांदीस पिकलेली फळे असतात. ताण दिला की कळ्या गळतात व हिरवी फळे काळवंडतात. शेवटच्या तोड्याच्या सुमारास, नवी फळे धरणे थांबल्यावर, पाणी थोडे आवरले तर फळांची गोडी वाढते. त्यापूर्वी मात्र ताण देऊ नये.

कुंडीतील झाड व पुरलेले मडके

शहरांतून गच्चीवर व सज्जात टोमॅटो लावण्याचा प्रघात वाढला आहे. सुमारे 30 सेंटिमीटर व्यासाच्या कुंडीत पंधरा लिटरांच्या आसपास माती मावते आणि तिच्यात झाडास मिळू शकणारे पाणी दोन-तीन लिटरच असते. हिवाळ्यात ते मोठ्या झाडास जेमतेम दीड दिवस पुरते. उन्हाळ्यात एक दिवसही पुरत नाही. म्हणून कुंडीतील झाडास हिवाळ्यात रोज व उन्हाळ्यात दोन वेळा पाणी देणे भाग पडते. शक्य असेल तेथे याच्या दुप्पट आकाराची कुंडी घ्यावी. तळास भोक असावे व पाणी दिल्यावर तेथून थोडे पाणी बाहेर यावे. त्यामुळे साचलेले क्षारही धुऊन निघतात.

ज्यांना रोज लक्ष देणे शक्य नाही त्यांच्यासाठी एक जुना उपाय आहे. बिनझिलईचे मातीचे मडके जमिनीत गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरून त्यावर झाकणी ठेवावी व सभोवती रोपे लावावी. मडक्याच्या छिद्रांतून पाणी हळूहळू पाझरते. भोवतालची माती कोरडी झाली की पाझर वाढतो, ओली झाली की मंदावतो. म्हणजे पाण्याची पाळी जणू मातीच ठरविते. चीनमध्ये इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहिलेल्या फान शेंग-चीह याच्या कृषिग्रंथात या पद्धतीचे वर्णन आहे. आणि हरियाणातील कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेत 1970 च्या दशकात तिच्यावर प्रयोग करण्यात आले.

करून पाहण्याजोगा प्रयोग

शाळेतील विद्यार्थ्यांस हा विषय स्वतः पडताळून पाहता येईल. एकाच जातीची, एकाच दिवशी लावलेली सहा रोपे सारख्या आकाराच्या सहा कुंड्यांत वाढवावी. फळे धरू लागताच त्यांचे दोन गट करावे. पहिल्या गटास ठरावीक पाणी रोज द्यावे. दुसऱ्या गटास पाने लुळी पडेपर्यंत थांबावे व मग राहिलेल्या दिवसांचे सर्व पाणी थोड्या थोड्या अंतराने एकाच दिवशी द्यावे. कुंडीखाली थाळी ठेवून खाली आलेले पाणी परत घालावे. आठवड्याचे एकूण पाणी दोन्ही गटांस सारखेच असले पाहिजे. प्रत्येक गटातील चांगली, काळ्या बुडाची व भेगाळलेली फळे वेगवेगळी मोजून वहीत नोंदवावी. सहा आठवड्यांच्या नोंदी समोर ठेवल्या म्हणजे, पाण्याचे प्रमाण सारखे असूनही त्याच्या क्रमाने काय फरक पडतो, याचा निर्णय विद्यार्थ्यांनी स्वतः करावा.

समारोप

आपल्या देशात पाणी ही सर्वत्र मुबलक मिळणारी वस्तू नाही. उन्हाळ्यात अनेक घरी डोक्यावरून आणलेल्या घागरीतूनच झाडास पाणी मिळते. अशा घरातील चार झाडांची फळे काळी पडली तर त्यात केवळ फळे वाया जात नाहीत. ती घागर व ती वाहून आणणाऱ्या बाईचे श्रमही वाया जातात. अधिक पाणी हा त्यावरील उपाय नव्हे. तांदूळ व भाजी धुतलेले पाणी साठवून, आच्छादन घालून आणि मातीची परीक्षा करून दिलेले बेताचे पाणी झाडास पुरते. झाडाकडे पाहून नव्हे तर मातीस हात लावून पाणी द्यावे व जमीन सदैव वाफशाच्या आसपास राखावी, हा या सर्व विवेचनाचा सारांश आहे. शेतकऱ्याने पेरणीसाठी जो नियम पाळला तोच परसातल्या झाडासही लागू आहे. शास्त्राने त्याचे कारण तेवढे उलगडून दाखविले.